मिंगुले का ओस पडले?



स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात बाह्य हेब्रिडीज नावाची बेटांची एक लांब माळ आहे. या माळेच्या दक्षिण टोकाशी, बॅरा या नांदत्या बेटापासून सुमारे वीस किलोमीटरवर, मिंगुले हे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे ६४० हेक्टर. पश्चिमेला समुद्रात सरळ तुटलेले सुमारे दोनशे मीटर उंचीचे कडे, मध्ये गवताळ टेकड्या आणि पूर्वेला वाळूचा एक उघडा किनारा. या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला एका गावाचे अवशेष आहेत. बिनचुन्याच्या दगडांची जाड भिंत, तिचे गोलसर कोपरे आणि आत वाऱ्याने आणून टाकलेली वाळू अशी तेथील प्रत्येक घराची अवस्था आहे. काही घरे निम्म्याहून अधिक वाळूत गेली आहेत. गावाभोवतीच्या उतारावर हाताने, कुदळीने उचलून केलेले मातीचे वरंबे शंभराहून अधिक वर्षांनंतरही तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात. त्यांवर एके काळी बटाटा, जव आणि ओट पिकत होते. १८९८ साली बांधलेले प्रार्थनागृह जरा वर उभे आहे. त्याचेही छप्पर १९९० च्या दशकात कोसळले.

१९१२ साली या गावातून शेवटची माणसे निघून गेली. १८८१ च्या जनगणनेत बेटावर १५० माणसे होती. १८९१ मध्ये १४२ आणि १९०१ मध्ये १३५ होती. १९११ च्या जनगणनेत ती ११ भरली. हे आकडे बारकाईने पाहिले पाहिजेत. येथे हळूहळू क्षय झालेला नाही. वीस वर्षे जवळजवळ स्थिर असलेली वस्ती पुढच्या दहा वर्षांत एकदम नाहीशी झाली. त्या दहा वर्षांत समुद्र वाढला नाही, जमीन अधिक नापीक झाली नाही, हवामानही पालटले नाही. मग झाले काय?

उन्हाळ्यात होडीने येणाऱ्या प्रवाशाला याचे उत्तर तयार मिळते. बेट दूर, समुद्र क्रूर, धक्का नाही, जमीन थोडी. तेव्हा माणसे कंटाळून गेली, असे ते उत्तर. या उत्तरात करुणा पुरेपूर आहे आणि दोष कोणाकडेच नाही. ओस पडलेल्या गावांविषयी सुखवस्तू समाजाला असेच उत्तर आवडते. ग्लासगो येथील प्रसिद्ध वृंदगान-संचालक ह्यू रॉबर्टन यांनी १९३८ साली मिंगुलेच्या होडीचे एक गीत रचले. घराकडे परतणाऱ्या खलाशांचे ते गीत इंग्रजी भाषिक जगात सर्वत्र गायले जाते. पण ते रचले गेले तेव्हा मिंगुलेवर परतण्याजोगे घर उरून २६ वर्षे लोटली होती. गीत गोड आहे, त्याविषयी तक्रार नाही. मात्र गीत ऐकून गावाचा इतिहास कळला असे मानणे ही फसगत होय.

या अवशेषांना विचारण्याचा प्रश्न निराळा आहे. हे लोक गेले कोठे, आणि जाण्याचा निर्णय कोणाचा होता?

मालकी कोणाची?

बॅरा आणि तिच्या दक्षिणेकडील बेटे शतकानुशतके मॅक्नील घराण्याकडे होती. कुळप्रमुख आणि त्याचा गोतावळा असे ते जुने नाते होते. त्या नात्यात जुलूम नव्हता असे नव्हे; पण माणसे ही प्रमुखाची ताकद होती आणि म्हणून ती हवी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे नाते पालटले. समुद्रशेवाळ जाळून त्याची राख साबण आणि काच बनविणाऱ्या कारखान्यांना विकण्याचा धंदा किनाऱ्यावर जोरात आला. त्यासाठी मजूर हवे होते. माणसांना मुद्दाम लहान लहान तुकड्यांवर वसविण्यात आले, म्हणजे शेतीवर पोट भरू नये आणि शेवाळ जाळावेच लागावे. नेपोलियनची युद्धे संपली, परदेशी क्षार स्वस्त झाला आणि हा धंदा बुडाला. मजूर आता ओझे झाले. मॅक्नील घराणे कर्जात बुडाले आणि १८४० च्या सुमारास जहागीर कर्नल जॉन गॉर्डन ऑफ क्लूनी याच्या हातात गेली.

हा गॉर्डन कोण होता? त्याची जमीन एकट्या स्कॉटलंडमध्ये नव्हती. वेस्ट इंडीजमधील टोबॅगो बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे त्याच्या मालकीचे होते. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द झाली तेव्हा सरकारने भरपाई दिली ती गुलामांना नव्हे, मालकांना. आणि ती घेणाऱ्यांत हा गॉर्डन होता. टोबॅगोतील निग्रो मजूर आणि बॅरा येथील गेलिक भाषिक कूळ यांनी परस्परांचे नावही ऐकले नसेल. पण दोघांच्या घामाचा हिशोब एकाच वहीत लिहिला जात होता.

१८४६ पासून बटाट्यावर रोग पडला आणि बेटांवर उपासमार आली. खंड थकला. मेंढ्यांना आणि गुरांना जमीन दिली तर मोठा भाडेकरू रोख पैसे देतो, हा हिशोब सोपा होता. १८५१ साली गॉर्डनच्या जहागिरीतून, म्हणजे साउथ यूस्ट, बेनबेक्युला आणि बॅरा येथून, दीड हजाराहून अधिक माणसे जहाजांत भरून कॅनडाला पाठविण्यात आली. अनेकांवर सक्ती झाली. क्वीबेकच्या बंदरात ती इतक्या हलाखीत उतरली की तेथील स्थलांतर अधिकाऱ्याने मालकाच्या वर्तनाविषयी सरकारकडे लेखी तक्रार केली. रिकाम्या झालेल्या चांगल्या जमिनींवर मोठ्या एकछत्री शेतवाड्या उभ्या राहिल्या.

मिंगुलेवरून मात्र कोणालाही हाकलण्यात आले नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मिंगुलेच्या जमिनीवर मोठ्या भाडेकरूचा डोळा जावा इतकी ती चांगली नव्हतीच. जेथे धक्का नाही, जेथे गुरे पोहवत होडीपर्यंत न्यावी लागतात, तेथे शेतवाडी कोण थाटणार? म्हणून तेथील माणसांना राहू देण्यात आले. बेदखलीची दोन रूपे असतात. एकात माणसाला त्याच्या घरातून बाहेर काढतात. दुसऱ्यात आसपासची सगळी चांगली जमीन कुंपण घालून बंद करतात आणि माणसाला त्याच्या खडकावर सुखाने राहू देतात. पहिल्याचे रडणे ऐकू येते. दुसरे मुकाट्याने चालते.

खडकावरील जीवन

त्या खडकावर माणसे कष्टाने आणि मोठ्या कौशल्याने जगत होती. ओट, जव आणि बटाटा, थोडी गुरे, थोड्या मेंढ्या, कॉड आणि लिंग या माशांची खारवण आणि कड्यांवरील समुद्रपक्षी व त्यांची अंडी, एवढ्यावर संसार चाले. दोरीच्या आधाराने कड्यावर उतरून पक्षी धरणे हे तेथील पुरुषांचे काम होते. पूर्वी खंडाचा काही भाग पक्ष्यांच्या रूपात भरला जात असे. जळणासाठी टेकडीवरील कुजट माती, जिला ते लोक पीट म्हणत, कापून वाळवून पाठीवरून खाली आणावी लागे. स्कॉटलंडच्या शहरांत वाफेच्या गिरण्या धडधडत असताना येथे बायका हाताच्या जात्यावर दळत होत्या.

आणि समुद्र तर होताच. त्याचे भय खोटे नव्हते. १ मे १८९७ रोजी शेजारच्या पॅबे बेटावरील पाच जणांची होडी समुद्रात गडप झाली. त्या लहानशा बेटावरील कर्त्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक एका दिवसात गेले. पॅबेही पुढे ओस पडले. मिंगुलेच्या उघड्या किनाऱ्यावर लाट असेल तर होडी लावता येत नसे आणि हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे बाहेरच्या जगाशी संबंध तुटे.

परंतु धक्का नसणे ही निसर्गाची करणी नव्हे. धक्का हे माणसाने बांधायचे काम आहे. मिंगुलेच्या दक्षिणेला, म्हणजे समुद्राच्या आणखी तोंडाशी, बर्नरे हे बेट आहे. त्याच्या कड्यावर १८३३ साली बॅरा हेड हे दीपगृह उजळले. ते बांधण्यासाठी आणि चालविण्यासाठी माणसे, दगड, तेल आणि शिधा त्याच समुद्रातून, त्याच वाऱ्यातून तेथे उतरविण्यात आला. उतरण्याची सोयही करण्यात आली. ते दीपगृह १९८० पर्यंत रखवालदारांच्या हातांनी चालले. व्यापारी जहाजांचे रक्षण हे राष्ट्रीय कार्य होते, म्हणून समुद्र आडवा आला नाही. दीडशे शेतकऱ्यांचे बटाटे आणि मासे मात्र राष्ट्रीय कार्यात बसत नव्हते. १८९७ साली स्कॉटलंडसाठी एक सरकारी मंडळ स्थापन झाले. त्याचे नाव 'दाटवस्ती जिल्हा मंडळ'. हजारो हेक्टर जमीन मेंढ्यांना मोकळी ठेवून माणसांची एका कडेला दाटी करायची आणि मग त्या दाटीवर उपाय शोधायला मंडळ नेमायचे, असा तो प्रकार होता. या मंडळाने १९०१ मध्ये मिंगुलेच्या खडकावर माल चढविण्यासाठी एक यारी बसविली. तिचा फारसा उपयोग झाला नाही.

कायद्याने काय दिले, काय दिले नाही

१८८२ साली स्काय बेटावर ब्रेज येथे कुळांनी आणि विशेषतः त्यांच्या बायकांनी पोलिसांशी दगडांनी सामना केला. त्यानंतर नेपियर आयोग नेमला गेला आणि त्यातून १८८६ चा कूळ कायदा झाला. या कायद्याने कुळाला जमिनीवरून मनमानी काढता येईना, खंड ठरविण्यास न्यायाधिकरण मिळाले, केलेल्या सुधारणांची भरपाई मिळू लागली. ही थोडीथोडकी कमाई नव्हती. पुढाऱ्यांच्या भाषणांनी नव्हे, तर स्काय, ल्यूइस आणि टायरी या बेटांवरील सामान्य माणसांच्या अवज्ञेने ती मिळाली होती.

पण या कायद्यात एक मोठे भगदाड होते. ज्याच्याकडे तुकडा होता त्याचा तुकडा सुरक्षित झाला; ज्याच्याकडे तुकडाच नव्हता त्याला काहीच मिळाले नाही. मोठ्या शेतवाड्या जशाच्या तशा राहिल्या. बॅरा बेटावर असे भूमिहीन शेकड्यांनी होते. मिंगुलेवर तुकडे होते, पण तेच विभागून विभागून पुढच्या पिढीला पुरेनासे झाले होते. कायद्याने शोषणाची धार बोथट केली; मात्र जमिनीच्या वाटणीला तो शिवला नाही. सुधारणेच्या प्रत्येक कायद्याची परीक्षा घेताना कार्यकर्त्याने हे लक्षात ठेवले पाहिजे की, रक्षण झाले ते कोणाचे एवढेच पाहून भागत नाही. वगळले गेले ते कोण, हेही पाहावे लागते.

बॅरा आणि मिंगुले यांच्या दरम्यान व्हॅटरसे हे बेट आहे. चिंचोळ्या सामुद्रधुनीने ते बॅरापासून वेगळे झालेले आहे. जमीन चांगली, किनारे सुरक्षित, बॅरावरील कॅसलबेचे मासळी बंदर हाकेच्या अंतरावर. आणि हे संपूर्ण बेट एका भाडेकरूच्या गुरांना दिलेले होते. मालकी आता गॉर्डनच्या सुनेकडे, लेडी गॉर्डन कॅथकार्ट यांच्याकडे आली होती. १८७८ मध्ये त्यांना ही जहागीर मिळाली आणि १९३२ मध्ये त्या वारल्या. या ५४ वर्षांत त्यांनी आपल्या या बेटांना एकदाच भेट दिल्याचे सांगितले जाते.

व्हॅटरसेवर चढाई

विसाव्या शतकाच्या आरंभी भूमिहीनांनी व्हॅटरसेच्या जमिनीसाठी अर्ज केले, विनंत्या केल्या. उत्तर मिळेना. १९०६ पासून त्यांनी तेथे उतरण्यास, बटाटे लावण्यास आणि झोपड्या उभारण्यास सुरुवात केली. एका दिवसात घर उभारून, छप्पर घालून त्यात चूल पेटविली की जमिनीवर हक्क बसतो, अशी जुनी समजूत त्यांच्या पाठीशी होती. आमच्या आजोबा-पणजोबांची घरे येथेच होती, असेही त्यांचे म्हणणे होते. या लोकांत बॅराचे भूमिहीन होते आणि मिंगुलेची कुटुंबेही होती. १९०७ पासून मिंगुलेचे लोक आपल्या होड्यांतून सामान आणि जनावरे घेऊन व्हॅटरसेला येऊ लागले. १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांमधील त्या कोसळलेल्या आकड्याचे उत्तर येथे सापडते. मिंगुलेची माणसे मेली नाहीत, कंटाळून महानगरात हरवलीही नाहीत. बहुतेक माणसे उठून जवळच्या चांगल्या जमिनीवर गेली आणि तिच्यावर ताबा सांगून बसली.

मालकिणीने न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. लोक हटले नाहीत. लंडनमधील उदारमतवादी सरकारची मोठी पंचाईत झाली. स्कॉटलंडचे मंत्री जॉन सिंक्लेअर यांचे म्हणणे असे की, मालकिणीने या लोकांना तुकडे पाडून द्यावेत. मालकिणीचे म्हणणे असे की, सरकारला एवढा कळवळा असेल तर सरकारने जमीन विकत घ्यावी. लहान शेतकऱ्यांना जमीन मिळावी म्हणून सिंक्लेअर यांनी आणलेले विधेयक लोकसभागृहाने संमत केले, पण उमरावांच्या सभागृहाने ते अडवून धरले. १९११ पर्यंत तो कायदा होऊ शकला नाही. जे सभागृह जमीनदारांचेच बनलेले होते त्याने दुसरे काय करायचे होते?

जून १९०८ मध्ये दहा जणांना एडिंबरोच्या न्यायालयापुढे उभे करण्यात आले. गुन्हा न्यायालयाच्या हुकमाच्या अवमानाचा. शिक्षा दोन महिन्यांच्या तुरुंगवासाची. हे दहा जण कोळी आणि शेतकरी होते, त्यांची भाषा गेलिक होती आणि राजधानीचे न्यायालय त्यांना सर्वस्वी परके होते. आपण कायदा मोडला हे त्यांनी नाकारले नाही. कायदा पाळला तर जगायचे कसे एवढेच त्यांचे विचारणे होते. देशभर गवगवा झाला. वृत्तपत्रांत लिहून आले, सभा झाल्या आणि मुदत संपण्याआधी त्यांची सुटका करण्यात आली. ते परत व्हॅटरसेलाच गेले.

१९०९ मध्ये त्या 'दाटवस्ती' मंडळाने व्हॅटरसे बेट ६,२५० पौंडांना विकत घेतले आणि त्याचे ५८ तुकडे पाडून कुळांना दिले. झगडा जिंकला होता. या विजयात एक उणेपणही होते. ज्या घराण्याने १८३३ नंतर गुलामांच्या मुक्ततेची भरपाई खिशात घातली होती, त्याच घराण्याला ७० हून अधिक वर्षांनंतर बेटाच्या मुक्ततेचीही किंमत मिळाली. १८५१ साली ज्यांना जहाजात कोंबले गेले, त्यांच्या वंशजांना कोणी भरपाई दिली नाही. तरीही ५८ कुटुंबांच्या चुली तेथे कायदेशीरपणे पेटल्या, हे कोणालाही पुसून टाकता येणार नाही.

१९१० मध्ये मिंगुलेची शाळा बंद झाली. १९१२ मध्ये उरलेलीही निघाली. बेट मेंढपाळीला भाड्याने गेले. आज ज्या भिंती पाहून प्रवासी हळहळतो, त्या भिंतींमागे ही हकीकत आहे. मिंगुलेचे अवशेष हे जसे जमीनदारीने केलेल्या अन्यायाचे चिन्ह आहेत, तसेच ते अन्याय मुकाट्याने न सोसणाऱ्या लोकांनी मागे टाकलेल्या बिऱ्हाडाचेही चिन्ह आहेत. प्रत्येक ओस गाव हा पराभव असतो असे मानण्याचे कारण नाही.

दुसरे बेट, दुसरा शेवट

हा निष्कर्ष सरसकट लावला तर चूक होईल. मिंगुलेच्या वायव्येस, खुल्या महासागरात आणखी दूर, सेंट किल्डा हा द्वीपसमूह आहे. त्यातील हिर्टा बेटावरील वस्ती २९ ऑगस्ट १९३० रोजी उठली. उरलेल्या ३६ माणसांना नौदलाच्या 'हेअरबेल' जहाजावरून मुख्य भूमीवर नेण्यात आले. निघताना घराघरांत बायबल उघडे ठेवले होते आणि शेजारी मूठभर ओट, असे सांगतात. त्या वर्षी मे महिन्यात बेटकऱ्यांनी स्वतःच सरकारकडे अर्ज केला होता की, आम्हांला येथून न्यावे. त्यांच्याजवळ चढाई करायला व्हॅटरसे नव्हते. तरुण निघून गेल्यामुळे होडी वल्हविण्यास आणि मेंढ्या गोळा करण्यास पुरेसे हातही उरले नव्हते.

या घटनेतील एक गोष्ट समाजवाद्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेव्हा ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते आणि स्कॉटलंडचे उपमंत्री होते टॉम जॉन्स्टन. १९०६ मध्ये ग्लासगो येथे 'फॉरवर्ड' हे समाजवादी साप्ताहिक सुरू करणारे आणि १९०९ मध्ये स्कॉटलंडच्या उमराव घराण्यांनी जमिनी कशा बळकावल्या हे पुस्तक लिहून उघड करणारे तेच हे जॉन्स्टन. बेट रिकामे होताना ते स्वतः तेथे हजर होते. त्यांनी क्रौर्य केले असे कोणी म्हणू शकणार नाही. लोकांचीच मागणी होती आणि १९३० मध्ये दुसरा मार्ग फारसा उरला नव्हता. परंतु तो मार्ग बंद होत असताना, म्हणजे त्याआधीच्या अनेक दशकांत, राज्यसंस्था कोठे होती?

तिचे येणे-जाणे पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात नौदलाने हिर्टावर ठाणे ठेवले. तेव्हा बिनतारी यंत्र आले, टपाल आणि शिधा नियमित येऊ लागला. मे १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीने बेटावर तोफा डागल्या, तेव्हा बेटावर तोफही बसविण्यात आली. युद्ध संपले आणि ठाणे उठले. पाठोपाठ माणसेही जाऊ लागली; १९२० मध्ये ७३ असलेली वस्ती १९२८ मध्ये ३७ वर आली. १९३० मध्ये वस्ती उठली. ज्या बेटावर झाड उगवत नव्हते, तेथील पुरुषांपैकी अनेकांना मुख्य भूमीवर वनखात्यात काम देण्यात आले. त्यानंतर २७ वर्षांनी, १९५७ मध्ये, सैन्य हिर्टावर पुन्हा उतरले. यूस्ट बेटावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांचा माग काढण्यासाठी तेथे रडार हवे होते. रस्ता झाला, वीज आली, नियमित वाहतूक सुरू झाली. समुद्र तोच होता. अंतरही तेवढेच होते. ३६ शेतकऱ्यांसाठी जे बेट फार दूर होते, ते क्षेपणास्त्रांसाठी पुरेसे जवळ निघाले.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल. धक्का बांधला असता, परिचारिका नेमली असती, तरी तरुण गेलेच नसते काय? शहराची ओढ, मजुरीचा रोख पैसा, शिक्षण, बाहेरचे जग यांना कोण अडविणार? आणि का अडवावे? या आक्षेपात तथ्य आहे. कोणत्याही पुरोगामी माणसाने कोणाला खडकावर बांधून ठेवण्याची भाषा करू नये. कड्यावर दोरीने लटकून पक्षी धरणे हे दुरून पाहणाऱ्याला शौर्य वाटते. ते करणाऱ्याच्या आईला तसे वाटत नसते. मिंगुलेच्या लोकांनी मिंगुले सोडले ते योग्यच केले.

परंतु निवडीचे स्वातंत्र्य दोन बाजूंनी असावे लागते. राहणे शक्य असताना जो जातो तो स्वेच्छेने जातो. राहणे अशक्य करून ठेवल्यावर जो जातो त्याच्या जाण्याला स्वेच्छा म्हणणे ही भाषेची लबाडी आहे. मिंगुलेच्या लोकांपुढे व्हॅटरसेचा पर्याय कोणी ठेवला नव्हता. तो त्यांनी तुरुंगाची वाट चालून स्वतः निर्माण केला. सेंट किल्डाच्या लोकांपुढे एकच पर्याय उरला आणि त्यांनी त्यावर सही केली. दोन्ही ठिकाणच्या भिंती आज सारख्याच पडक्या दिसतात. फरक दगडांत नाही, तो निर्णयात आहे.

निर्णय लोकांच्या हाती आला की काय होते हेही याच बेटांनी दाखविले आहे. हेब्रिडीजमधील ईग या लहान बेटाच्या रहिवाशांनी १९९७ मध्ये सार्वजनिक वर्गणीच्या बळावर आपले बेट मालकाकडून विकत घेतले. तेव्हा सुमारे ६५ असलेली वस्ती पुढे शंभरावर गेली. २००३ च्या स्कॉटिश भूमिसुधारणा कायद्याने अशा खरेदीचा हक्क ग्रामीण समुदायांना दिला. २००६ मध्ये साउथ यूस्टची जहागीर, म्हणजे एके काळची गॉर्डन घराण्याचीच, सुमारे ९३ हजार एकर, तेथील रहिवाशांच्या सामुदायिक संस्थेच्या मालकीची झाली. यामुळे सर्व प्रश्न सुटले असे नाही. तरुण आजही बाहेर जातात, घरे आजही महाग आहेत. पण आता जमिनीचे काय करायचे याची चर्चा गावाच्या सभागृहात होते. ५४ वर्षांत एकदा फिरकणाऱ्या मालकाच्या पत्राची वाट पाहावी लागत नाही.

मिंगुले, पॅबे आणि बर्नरे ही बेटे २००० साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाने विकत घेतली. तेथे आता पक्ष्यांचे आणि अवशेषांचे संरक्षण होते. हे काम मोलाचे आहे. पण ज्या कार्यकर्त्याला माणसांमध्ये काम करायचे आहे, त्याने एवढ्यावर थांबू नये. कोणतेही ओस गाव दाखवून 'येथे राहणे शक्यच नव्हते' असे कोणी सांगू लागला, तर त्याला सातबाराच्या भाषेत प्रश्न विचारावेत. शेजारची चांगली जमीन कोणाच्या नावावर होती? धक्क्यासाठी पैसा नव्हता तेव्हा दीपगृहासाठी आणि तोफेसाठी कोठून आला? कायद्याने कोणाला वगळले? आणि गेलेली माणसे पोहोचली कोठे?

व्हॅटरसेवर आजही वस्ती आहे. १९८६ मध्ये बॅराकडे पोहवत नेला जाणारा एक वळू सामुद्रधुनीत बुडाला, तेव्हा रस्त्याच्या मागणीने जोर धरला. १९९१ मध्ये दगडी भराव घालून बेट बॅराला जोडण्यात आले. मिंगुलेच्या लोकांनी ज्याची वाट पाहिली तो धक्का त्यांना मिळाला नाही. पण त्यांनी चढाई करून घेतलेल्या जमिनीपर्यंत त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या काळात रस्ता आला. २०११ च्या जनगणनेत त्या बेटावर ९० माणसे होती.